नवशिक्यांसाठी आल्प्स खुला करणारा शिक्षक

पुण्याहून जम्मूकडे निघालेली झेलम एक्स्प्रेस दौंड सोडून मनमाडच्या वाटेला लागली, की अहिल्यानगर जिल्ह्यात गोदावरीकाठचे पुणतांबा लागते. चांगदेवांच्या समाधीचे हे गाव. या लोहमार्गाने कित्येक वर्षे मराठी कुटुंबे स्वेटर, कानटोप्या आणि चिवड्या-लाडवांचे डबे घेऊन काश्मीरला जात आली आहेत. उन्हाने तापणाऱ्या पठारावरून निघालेली ही मंडळी गुलमर्गला पोहोचतात, तेव्हा त्यांच्यातील अनेकांनी आयुष्यात प्रथमच बर्फ पाहिलेले असते. तेथील स्थानिक शिक्षक त्यांच्या पायांना दोन लांब पट्ट्या बांधतो, पुढची टोके एकमेकांजवळ आणायला लावतो, टाचा बाहेर ढकलायला सांगतो आणि गुडघे वाकवून हळूहळू उतारावर सोडतो. पट्ट्यांचा आकार नांगराच्या फाळासारखा होतो, वेग आटोक्यात राहतो आणि आजवर बर्फ न पाहिलेला माणूस न पडता वीस-पंचवीस पावले घसरत जातो. त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद उमटतो.

या आनंदामागे आल्प्समधील एका मैलकुलीच्या मुलाची आयुष्यभराची तपश्चर्या आहे. त्याचे नाव हानेस श्नायडर. बर्फावरून घसरण्याची कला त्याच्या आधीपासून अस्तित्वात होती. परंतु ती सर्वसामान्यांना, लेकुरवाळ्या कुटुंबांना, पन्नाशीतल्या गृहस्थांना आणि भित्र्या नवशिक्यांना शिकवता येते, हे जगाला पटवून दिले ते श्नायडर यांनी. आज जगभर जी कौटुंबिक हिमक्रीडा केंद्रे आहेत, त्यांचा पाया त्यांच्या शाळेत घातला गेला. ज्या गावाला त्यांनी नावलौकिक मिळवून दिला, त्याच गावात एके दिवशी त्यांना कैदी व्हावे लागले आणि उरलेले आयुष्य महासागरापलीकडे काढावे लागले, हा या कथेचा दुसरा आणि अधिक गंभीर भाग आहे.

हानेस श्नायडर यांचा जन्म २४ जून १८९० रोजी पश्चिम ऑस्ट्रियातील स्टुबेन या खेड्यात झाला. आर्लबर्ग खिंडीच्या पायथ्याशी वसलेले हे जेमतेम काही घरांचे गाव. वडील खिंडीतल्या रस्त्याची देखभाल करीत. आपल्याकडे ज्याला मैलकुली म्हणतात तशाच स्वरूपाचे ते काम होते. फरक इतकाच, की तेथे हिवाळ्यात खड्ड्यांऐवजी माणसाच्या उंचीहून अधिक साचणाऱ्या बर्फाशी झुंजावे लागे. जोडीला थोडी दुभती जनावरे होती. मुलाने चीज बनवण्याचा धंदा शिकावा आणि पोटापाण्याला लागावे, एवढीच वडिलांची अपेक्षा होती. त्या काळी आल्प्समधील शेतकऱ्याला हिमवर्षाव म्हणजे संकट वाटे. सहा महिने घरात कोंडून घ्यायचे, हिमकडे कोसळू नयेत म्हणून प्रार्थना करायची आणि वसंताची वाट पाहायची, असा तो जीवनक्रम होता. याच बर्फाकडे लोक पैसे मोजून येतील, असे तेव्हा कोणी म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले गेले असते.

वारे मात्र बदलू लागले होते. नॉर्वेचा संशोधक फ्रिट्याॅफ नान्सेन याने १८८८ मध्ये स्कीच्या साहाय्याने ग्रीनलँडचे हिमपठार ओलांडले आणि त्या प्रवासाच्या वर्णनाने मध्य युरोपातील तरुणांना झपाटून टाकले. नॉर्वेच्या सौम्य टेकड्यांवर चालणारी पद्धत आल्प्सच्या खड्या उतारांवर अपुरी पडते, हे लवकरच लक्षात आले. मथायस झ्डार्स्की या ऑस्ट्रियन प्रयोगशील माणसाने १८९० च्या दशकात लिलिएनफेल्ड येथे आखूड स्की आणि एकच लांब काठी वापरून खड्या उतारावर वळण घेण्याची रीत बसवली. त्या क्षेत्रातील हा पहिला शास्त्रशुद्ध प्रयत्न होता.

स्टुबेनमध्ये हे नवे वारे पोहोचले ते ब्रेगेन्झच्या व्हिक्टर झोम यांच्या रूपाने. नव्या शतकाच्या प्रारंभी झोम त्या परिसरात स्कीइंगसाठी येत. बर्फावरून सहज सरकणारा हा पाहुणा दहा वर्षांच्या हानेसने पाहिला आणि त्याचे भान हरपले. ओबडधोबड लाकडी पट्ट्या मिळवून त्याने घरामागच्या उतारावर पडत-धडपडत सराव सुरू केला. पुढे झोम यांनीच त्याला रीतसर धडे दिले. गुरूने जे दिले ते शिष्याने आत्मसात केले खरे, पण तो तेथे थांबला नाही. त्या काळच्या स्कीपटूंमध्ये ताठ उभे राहून, एक पाय पुढे सरकवून डौलदार वळण घेण्याची टेलिमार्क पद्धत प्रतिष्ठित मानली जाई. हानेसला ती वेगात आणि खड्या उतारावर भरवशाची वाटेना. त्याने गुडघे वाकवून, शरीर पुढे झुकवून, एक स्की बाहेरच्या बाजूस तिरकी ढकलत वळायला सुरुवात केली. दिसायला ही पद्धत तितकी नजाकतदार नव्हती. परंतु तिने माणूस वेगातही सावरत होता आणि जेथे हवे तेथे थांबू शकत होता.

खिंडीच्या पलीकडे सेंट अँटन हे गाव आहे. १८८४ मध्ये आर्लबर्गचा लांबलचक रेल्वे बोगदा सुरू झाला आणि या गावाला स्थानक लाभले. १९०१ मध्ये जवळच सेंट क्रिस्टोफ येथे आर्लबर्ग स्की क्लबची स्थापना झाली. सेंट अँटनमधील होटेल पोस्टचे मालक कार्ल शुलर हे दूरदृष्टीचे गृहस्थ होते. उन्हाळ्यात येणारे पाहुणे हिवाळ्यातही यावेत, असे त्यांना वाटे. पण पाहुण्यांनी बर्फात येऊन करायचे काय? त्यांना स्कीइंग शिकवणारा कोणी हवा होता. १९०७ मध्ये शुलर यांनी सतरा वर्षांच्या हानेसला आपल्या होटेलात शिक्षक म्हणून नेमले. चीज बनवण्याचा बेत मागे पडला तो कायमचाच.

पहिल्या काही हिवाळ्यांत श्नायडर यांच्या ध्यानात एक महत्त्वाची गोष्ट आली. स्वतः उत्तम घसरणे वेगळे आणि दुसऱ्याला घसरायला शिकवणे वेगळे. शिष्याला सर्वांत मोठा अडथळा होता तो भीतीचा. खाली पसरलेला पांढरा उतार पाहून माणूस आपोआप मागे झुकतो आणि मागे झुकला की हमखास पडतो. तेव्हा वेग आपल्या ताब्यात आहे, हा विश्वास प्रथम निर्माण झाला पाहिजे. म्हणून त्यांनी नांगराचा पवित्रा पहिल्या धड्याला घेतला. तो त्यांनी शोधला नव्हता, पण शिक्षणक्रमाची पहिली पायरी म्हणून त्याला निश्चित स्थान त्यांनी दिले. नांगरावर थांबणे, नांगरावर वळणे, मग एक स्की तिरकी करून वळणे आणि अखेरीस दोन्ही स्की जुळवून वेगवान ख्रिस्तियानिया वळण घेणे, अशी चढती श्रेणी त्यांनी आखली. मागची पायरी पक्की झाल्याखेरीज पुढची मिळणार नाही, हा त्यातला दंडक होता.

पहिल्या महायुद्धाने या कामाला वेगळेच वळण दिले. ऑस्ट्रियाच्या पहाडी सैन्याला हिमात हालचाली करणे शिकवण्याची जबाबदारी श्नायडर यांच्याकडे आली आणि इटलीच्या आघाडीवरील डोलोमाइट पर्वतरांगांतही त्यांनी सेवा केली. होटेलातील चार-दोन पाहुण्यांऐवजी आता शेकडो सैनिकांना थोड्या अवधीत तयार करायचे होते. त्यांतील अनेकांनी पूर्वी स्कीला हातही लावलेला नव्हता. मोठ्या गटाला एकाच वेळी, एकाच पद्धतीने कसे शिकवावे, याचा धडा शिक्षकालाच युद्धभूमीवर मिळाला.

युद्ध संपले तेव्हा ऑस्ट्रियाचे साम्राज्य लयाला गेले होते आणि देश कंगाल झाला होता. श्नायडर सेंट अँटनला परतले आणि १९२१ मध्ये त्यांनी आपली स्की शाळा रीतसर सुरू केली. या शाळेची व्यवस्था काटेकोर होती. सकाळी सर्व विद्यार्थी एकत्र जमत, प्रत्येकाची तयारी पाहिली जाई आणि नवशिके, मध्यम व प्रवीण अशा वर्गांत त्यांची विभागणी होई. धनाढ्य उमराव असो वा शाळामास्तर, ज्याला जे येते त्याच वर्गात त्याला उभे राहावे लागे. शिक्षक बदलला तरी शिकवण्याची रीत बदलत नसे. कारण सर्व शिक्षक श्नायडर यांनीच घडवलेले होते आणि त्यांच्यावर त्यांचा करडा अंमल होता. बर्फावर ढिलाई त्यांना खपत नसे. मात्र अडखळणाऱ्या विद्यार्थ्याची टिंगल करणाऱ्या शिक्षकालाही तेथे थारा नव्हता. ही पद्धत आर्लबर्ग तंत्र या नावाने विख्यात झाली.

गावाचा कायापालट होण्यास वेळ लागला नाही. घराघरांत पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या. उन्हाळ्यात गवत कापणारे तरुण हिवाळ्यात शिक्षक झाले. या कामात श्नायडर यांना मोलाची साथ लाभली ती रुडॉल्फ गोम्पर्झ यांची. व्हिएन्नातील ज्यू घराण्यात जन्मलेले हे अभियंते विसाव्या शतकाच्या प्रारंभी सेंट अँटनमध्ये येऊन स्थायिक झाले होते. गावाच्या पर्यटनाची आखणी आणि प्रसिद्धी हा त्यांचा प्रांत. एकाने उतार सांभाळला, दुसऱ्याने गाव सांभाळले.

श्नायडर यांची कीर्ती दूरवर पसरवली ती मात्र चित्रपटांनी. जर्मन दिग्दर्शक आर्नोल्ड फांक यांनी पर्वतांवरील चित्रपटांची एक परंपराच निर्माण केली आणि १९२० पासून श्नायडर त्यात झळकू लागले. १९३१ मधील ‘डेर वाइसे राउश’ या चित्रपटात शहरातून आलेली एक तरुणी सेंट अँटनच्या उतारावर धडपडत स्कीइंग शिकते, असे हलकेफुलके कथानक आहे. शिक्षकाच्या भूमिकेत खुद्द श्नायडर आणि विद्यार्थिनीच्या भूमिकेत लेनी रिफेनश्टाल. नवशिक्याचे पडणे हाच त्यातला विनोद आणि त्याचे उभे राहणे हाच त्यातला आनंद. तो पाहून हजारो शहरी प्रेक्षकांना आपल्यालाही हे जमेल असे वाटले. याच रिफेनश्टाल पुढे हिटलरच्या प्रचारपटांच्या दिग्दर्शिका झाल्या. त्यांच्या बर्फावरील सहकलाकाराला त्याच राजवटीने तुरुंग दाखवला.

१९२८ मध्ये श्नायडर यांनी इंग्रज स्कीपटू आर्नोल्ड लन यांच्या सहकार्याने आर्लबर्ग-कंदाहार ही स्पर्धा सेंट अँटनमध्ये सुरू केली. लन यांचा जन्म मद्रासचा. वडील तेथे मिशनरी होते. आधुनिक स्लॅलम शर्यतीचे जनक म्हणून लन ओळखले जातात. थेट उतार आणि स्लॅलम यांचे एकत्रित गुण धरणाऱ्या या स्पर्धेने आल्पाइन स्कीइंगला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवून देण्यास हातभार लावला. १९३० मध्ये श्नायडर यांना जपानने पाचारण केले आणि तेथेही आर्लबर्ग तंत्राचे अनुयायी तयार झाले. १९३६ च्या डिसेंबरात त्यांनी अमेरिकेत बंदिस्त क्रीडागारांत कृत्रिम उतारावर प्रात्यक्षिके दाखवली. दरम्यान त्यांचे शिष्य देशोदेशी पसरत होते. त्यांपैकी बेनो रिबित्झ्का हे न्यू हॅम्पशायर राज्यात शिकवू लागले होते. ही घटना पुढे गुरूच्या जीवनात निर्णायक ठरणार होती.

१९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले आणि त्यांचे लोण ऑस्ट्रियाच्या डोंगरी गावांतही पोहोचले. सेंट अँटनमध्येही तट पडले. श्नायडर यांनी नाझींविषयीची नापसंती लपवली नाही आणि ज्यू मित्रांशी असलेले संबंध तोडले नाहीत. गोम्पर्झ यांची साथ सोडण्याचा तर प्रश्नच नव्हता. लहान गावात अशा भूमिकेची नोंद ठेवली जाते. १२ मार्च १९३८ रोजी जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि लगोलग श्नायडर यांना घरातून अटक करण्यात आली. लांडेकच्या तुरुंगात त्यांना काही आठवडे डांबण्यात आले. नंतर त्यांना जर्मनीतील गार्मिश येथे नजरेखाली ठेवण्यात आले. ज्या शाळेने गावाला पोसले ती त्यांच्या हातून गेली. आर्लबर्ग-कंदाहार स्पर्धा तेव्हा अगदी तोंडावर आली होती. लन यांनी अटकेच्या निषेधार्थ ती रद्द केली. क्रीडाक्षेत्र राजकारणापासून अलिप्त असते, असे म्हणून गप्प बसण्याची सोय त्यांनी घेतली नाही.

सुटकेचा मार्ग निघाला तो अनपेक्षित दिशेने. न्यू हॅम्पशायरमधील नॉर्थ कॉनवे हे हार्वे गिब्सन यांचे मूळ गाव. गिब्सन न्यूयॉर्कमधील एका बड्या बँकेचे अध्यक्ष होते. मंदीने खंगलेल्या आपल्या गावाला हिवाळी पर्यटनातून सावरावे, या हेतूने त्यांनी क्रॅनमोर डोंगरावर स्की केंद्र उभारले होते. तेथील शाळा रिबित्झ्का चालवीत. जर्मनीला दिलेल्या अमेरिकी कर्जांच्या वाटाघाटींशी गिब्सन यांचा संबंध होता आणि जर्मन अर्थकारणाच्या सूत्रधारांपर्यंत त्यांची पोहोच होती. तिचा त्यांनी उपयोग केला. अनेक महिन्यांच्या खटपटीनंतर श्नायडर यांना पत्नी लुडविना, मुलगा हर्बर्ट आणि मुलगी हर्टा यांच्यासह देश सोडण्याची परवानगी मिळाली.

११ फेब्रुवारी १९३९ रोजी हे कुटुंब नॉर्थ कॉनवेच्या स्थानकावर उतरले. गावातील शाळकरी मुले दोन रांगांत उभी होती. त्यांनी आपल्या स्कीच्या काठ्या उंच धरून कमान केली होती. त्या कमानीखालून अठ्ठेचाळीस वर्षांचा तो निर्वासित शिक्षक चालत गेला. वर्षभरापूर्वी स्वतःच्या गावातून त्याला पहाऱ्यात नेले गेले होते. परक्या गावाने त्याचे असे स्वागत केले.

आर्लबर्गच्या परिसरातील शिखरे २,८०० मीटरहून उंच, तर क्रॅनमोरचा सारा उतार साडेतीनशे-पावणेचारशे मीटरचा. आल्प्सच्या या दिग्गजाला ती टेकडीच वाटली असणार. पण त्यांच्या विद्येला हे ठिकाण अधिक अनुरूप होते. १९३० च्या दशकात बोस्टनहून सुटीच्या दिवशी खास हिमगाड्या सुटत आणि कारकून, विद्यार्थी, तरुण जोडपी, मुलाबाळांसह कुटुंबे येथे उतरत. त्यांना कडे उतरायचे नव्हते. सुरक्षितपणे शिकायचे होते, थोडा वारा अंगावर घ्यायचा होता आणि संध्याकाळी हातपाय धड ठेवून घरी परतायचे होते. डोंगरावर नेण्यासाठी १९३८ मध्ये स्कीमोबिल हे अनोखे वाहन बसवण्यात आले होते. लाकडी मार्गावरून तारेने ओढल्या जाणाऱ्या छोट्या रंगीत गाड्यांची ती माळ १९८९ पर्यंत चालली. श्नायडर यांनी उतारांवरील झाडोरा काढून रुंद वाटा करवल्या, बर्फ दाबून सारखे करण्यावर भर दिला आणि सेंट अँटनच्या शाळेची घडी येथे पुन्हा बसवली. सोपा उतार, मध्यम उतार, पायरीपायरीचे वर्ग आणि सर्वांना एकच रीत. आज ज्याला कौटुंबिक हिमक्रीडा केंद्र म्हणतात, त्याचा नमुना या बेताच्या डोंगरावर आकारास आला.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने पहाडी युद्धासाठी दहावी माउंटन डिव्हिजन उभारली, तेव्हा श्नायडर यांचा अनुभव पुन्हा सैनिकांच्या कामी आला. हर्बर्ट त्या डिव्हिजनमध्ये भरती होऊन इटलीत लढला. नियतीचा खेळ असा, की पहिल्या युद्धात पिता ज्या देशाच्या डोंगरांत ऑस्ट्रियाच्या गणवेशात उभा होता, दुसऱ्या युद्धात पुत्र त्याच देशाच्या डोंगरांत अमेरिकेच्या गणवेशात होता. युद्धानंतर या डिव्हिजनमधील अनेक सैनिकांनी अमेरिकाभर स्की केंद्रे उभारली वा चालवली. कोलोरॅडोमधील व्हेल हे त्यांपैकी सर्वांत ठळक उदाहरण. आर्लबर्गचे बीज असे दूरवर रुजले.

सेंट अँटनमध्ये राहिलेल्या गोम्पर्झ यांच्या वाट्याला मात्र कोणी गिब्सन आला नाही. तीन दशकांहून अधिक काळ ज्या गावाची भरभराट त्यांनी घडवली, तेथून त्यांना जावे लागले. मे १९४२ मध्ये त्यांना व्हिएन्नाहून मिन्स्कजवळील माली ट्रोस्टिनेट्स येथे पाठवून ठार मारण्यात आले. गावाची उभारणी करणाऱ्या दोघा मित्रांपैकी एकाच्या पदरी हद्दपारी आली, दुसऱ्याच्या पदरी मरण. हिवाळी पर्यटनाच्या झगमगाटात हे दुसरे नाव दीर्घकाळ झाकोळून गेले होते. श्नायडर यांची थोरवी सांगताना ते सांगितले गेलेच पाहिजे.

श्नायडर यांनी अखेरपर्यंत नॉर्थ कॉनवेत राहून शिकवले. तोपर्यंत त्यांचे तंत्र जुने ठरू लागले होते. एमिल आले या फ्रेंच स्कीपटूने दोन्ही स्की सतत समांतर ठेवण्याची पद्धत पुढे आणली होती आणि तिरकी स्की टाकणे हे मागासलेपणाचे लक्षण मानणारी पिढी आली होती. आर्लबर्गची शिस्त अति कडक आहे, ती शिष्याला फार काळ खालच्या वर्गात अडकवते, असाही आक्षेप होता. त्यात तथ्य नव्हते असे नाही. तरीही नव्या पद्धतींना पहिल्या दिवसाच्या भीतीवर नांगरापेक्षा सोपा उपाय सहसा सापडला नाही. आज लहान मुलांना तो पवित्रा पिझ्झाचा तुकडा म्हणून शिकवला जातो. नाव बदलले, धडा तोच राहिला.

२६ एप्रिल १९५५ रोजी नॉर्थ कॉनवे येथे हानेस श्नायडर यांचे निधन झाले. हर्बर्टने पित्याची शाळा पुढे चालवली. क्रॅनमोर आजही नवशिक्यांचे आणि कुटुंबांचे केंद्र म्हणून ओळखले जाते. सेंट अँटन आता जगप्रसिद्ध झाले आहे आणि हद्दपार केलेल्या आपल्या शिक्षकाचे नाव ते अभिमानाने सांगते.

श्नायडर यांनी शिखरे जिंकली नाहीत की विक्रमांची रास रचली नाही. जो घाबरतो त्यालाही डोंगर आपला वाटावा, एवढेच त्यांनी साधले. गुलमर्ग, औली किंवा सोलंगच्या उतारावर दख्खनच्या पठारावरचे एखादे कुटुंब स्कीची टोके जुळवून, एकमेकांना सावरत प्रथमच खाली येते, तेव्हा स्टुबेनच्या मैलकुलीच्या त्या मुलाचा पहिला धडा पुन्हा एकदा गिरवला जात असतो.